सायकल मिळाली, वाट कुठाय?

दिवाळी संपली की आमच्या पट्ट्यात दोन गोष्टी जोडीनं सुरू होतात. शाळांचं दुसरं सत्र आणि साखर कारखान्यांचं गाळप. पहाटेपासून रस्त्यावर उसाच्या गाड्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. आणि त्याच रस्त्याच्या कडेनं, पांढऱ्या पट्टीच्याही बाहेरून, पाठीला दप्तर लावून सायकल मारणाऱ्या आपल्या पोरी.

बचत गटाच्या बैठकांना मी गावोगाव जाते. कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याचे हिशेब झाले की बायका मनातलं बोलू लागतात. हल्ली एक वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकते. ‘‘ताई, सायकल दारात उभी आहे हो, पण त्या रस्त्यानं पोरीला पाठवायला जीव होत नाही.’’ रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. विकास झाला म्हणतात. पण त्या विकासात सायकलीची वाट गेली कुठं, हे कुणी विचारलं नाही. मुलगा असला तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जातो. मुलीला मात्र आठवीनंतर हळूच सांगितलं जातं, ‘‘राहू दे आता, घरीच बस.’’

सायकलीनं मुलीच्या आयुष्यात किती फरक पडतो, हे आता नुसतं भाषणात सांगायचं राहिलेलं नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबरच बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर बायका, दगडखाणीत काम करणाऱ्या बायका, अंगणवाडी सेविका अशा हजारो जणी सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांमध्ये गरजू मुलींना सायकली मिळाल्या. चांगलंच झालं. पण सायकल हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे वाट!

आता जरा आपल्या गावाच्या मागच्या बाजूला चला. हमरस्त्याला पाठ करून. तिथं काय दिसतं? कालवा. कुणी पाट म्हणतं, कुणी कॅनॉल. आणि त्याच्या भरावावरून जाणारी मुरमाची वाट. पाटबंधाऱ्याची जीप कधी तरी येते, पाटकरी फेरी मारतो, शेतकरी मोटार चालू करायला जातात. बाकी शुकशुकाट. ना ट्रक, ना डंपर, ना कर्णकर्कश हॉर्न.

या वाटेची एक गंमत सांगू? ती जवळपास सपाट असते. पाणी आपल्या आपण वाहत जावं म्हणून कालव्याला अगदी बेतानं उतार दिलेला असतो. टेकडी आडवी आली की कालवा तिच्यावर चढत नाही, तिला वळसा घालतो. ओढा आला की पुलावरून पलीकडे जातो. म्हणून भरावावरच्या वाटेला सहसा ना मोठा चढ ना मोठा उतार. एका वेगाची, साधी, बिनगिअरची सायकल असली, मागं धाकटा भाऊ बसला असला, तरी दम लागत नाही. कालव्याची आखणी करणाऱ्या इंजिनिअरनं नकळत आपल्या मुलींसाठी उत्तम सायकलवाट आखून ठेवली आहे! जायकवाडीचंच बघा. पैठणहून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि उजवा १३२ किलोमीटरचा. नीरा, प्रवरा, गोदावरी, कृष्णा... आपल्या राज्यात अशा किती वाटा पडून आहेत.

‘‘काय ताई, काहीही सुचतं तुम्हाला,’’ असं कुणी म्हणेल. पण हे मला नुसतं सुचलेलं नाही, मी ते पाहून आले आहे. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त लंडनच्या उत्तरेला राहतो. २०२३ च्या उन्हाळ्यात भावजयीच्या बाळंतपणाला आईच्या जागी मी गेले. दोन महिने होते. लंडन म्हटलं की आपल्याला राणीचा राजवाडा आणि मोठं घड्याळ आठवतं. मी जास्त वेळ कुठं काढला असेल, तर ली नावाच्या नदीकाठी! घरापासून दहा मिनिटांवर ती वाट होती. मधेच नदी, मधेच नदीला सरळ करून काढलेला कालवा. कडेनं दोन सायकली जेमतेम शेजारून जातील एवढी वाट. बऱ्याच ठिकाणी डांबरही नाही, बारीक खडी दाबून बसवलेली. आपल्या मुरमाच्या वाटेची गोरी बहीणच म्हणा ना.

त्या वाटेवर मी काय पाहिलं? पुढच्या टोपलीत भाजी ठेवून सावकाश जाणारी सत्तरीची आजी. बाळाला मागच्या खुर्चीत बांधून निघालेली आई. शाळेच्या गणवेशातल्या मुली. शर्यतीचे कपडे घालून भरधाव जाणारे थोडेच, बाकी सगळी आपल्यासारखी साधी माणसं. मोटार नावाला नाही. पाण्यात लांबट, अरुंद बोटी. त्यांच्या छपरांवर फुलझाडांच्या कुंड्या आणि सरपणाच्या मोळ्या. कितीतरी माणसं त्या बोटींतच संसार करतात.

या वाटेला तिथं ‘टो-पाथ’ म्हणतात, म्हणजे ओढण्याची वाट. आगगाडी येण्याआधी कोळसा, लोखंड, धान्य सगळं कालव्यातून बोटीनं जायचं, आणि बोट ओढायला काठावरून घोडा चालायचा. घोड्यासाठी म्हणून ती वाट. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर दोर घासून घासून पडलेल्या खाचा आजही दिसतात. आपल्या विहिरीच्या काठावर दोराच्या खुणा पडतात ना, अगदी तशाच! पुढं आगगाडी आली, मग ट्रक आले. कालवे ओस पडले. कुठं गाळ भरला, कुठं कचरा टाकला गेला, कुठं बुजवूनही टाकले.

मग ते वाचले कसे? सरकारला एके दिवशी सद्बुद्धी झाली म्हणून नाही. माणसं मागं लागली म्हणून. १९४६ साली कालवे वाचवण्यासाठी तिथं नागरिकांची संघटना उभी राहिली. त्यानंतर कितीतरी वर्षं सुट्टीच्या दिवशी साधी माणसं गुडघाभर चिखलात उतरून गाळ काढत होती. केनेट आणि एव्हन नावाचा १४० किलोमीटरचा कालवा अशाच खटपटीनंतर १९९० साली पुन्हा खुला झाला. ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधला बंद पडलेला रेल्वेमार्गही नागरिकांनीच घाम गाळून सायकलवाट केला. ते काम १९७९ साली सुरू झालं. आज इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ३२०० किलोमीटर जलमार्गांची देखभाल २०१२ साली स्थापन झालेला एक धर्मादाय न्यास करतो आणि त्याच्या कामात स्वयंसेवकांचा मोठा वाटा असतो.

ली नदीच्या खोऱ्याची कथा तर अधिक बोलकी. साठच्या दशकात तिथं कचऱ्याचे ढीग, बंद कारखाने आणि वाळू-खडी उपसून झालेले खड्डे होते. १९६६ साली संसदेत खास कायदा झाला आणि त्यातून प्रादेशिक उद्यान उभं राहिलं. वेअर या गावापासून थेम्स नदीपर्यंत ४२ किलोमीटर लांब, दहा हजार एकरांचं. खडीच्या खाणींची तळी झाली, तळ्यांवर पक्षी आले. आणि पैसा? लंडन आणि शेजारच्या दोन परगण्यांतल्या स्थानिक करांतून थोडा थोडा. म्हणजे घरपट्टीत चार पैसे जास्त द्यायचे आणि त्यातून सगळ्यांसाठी मोकळी जागा राखायची. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकची सायकल शर्यतींची इमारतही याच खोऱ्यात उभी राहिली. ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींत स्त्रियांना पुरुषांइतक्याच स्पर्धा मिळाल्या त्या पहिल्यांदा त्याच वर्षी. आणि तिथं दोन सुवर्णपदकं जिंकणारी लॉरा ट्रॉट, आताची लॉरा केनी, याच नदीकाठच्या चेशंट गावात वाढलेली! आपल्या पोरींना हे सांगायला हवं, नाही का?

कालव्यावरच्या बायकांची आणखी एक हकिकत मला फार भावली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, बोटी चालवायला माणसं कमी पडली. तेव्हा लंडन ते बर्मिंगहॅम या ग्रँड युनियन कालव्यावर तरुण बायका पुढं आल्या. तीन जणींनी मिळून दोन बोटींची जोडी चालवायची, पन्नास टन माल न्यायचा आणि येताना कोळसा भरून आणायचा. एका फेरीला तीन आठवडे. थंडी, पाऊस, हाताला घट्टे. त्यांच्या बिल्ल्यावर जलमार्ग खात्याची ‘आय’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन अक्षरं होती. लोकांनी त्याचा अर्थ काय लावावा? ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बायका! दिवसाला सोळा-सतरा तास राबणाऱ्या बाईला रिकामटेकडी म्हणायची पद्धत साता समुद्रापलीकडेही आहे म्हणायची. आपण घरी असलो की ‘‘तू काय, घरीच असतेस,’’ हे ऐकतोच की!

आता आपल्याकडे येऊ. आपले कालवे काही घोड्यांनी ओढायच्या बोटींसाठी काढले नाहीत, ते शेतीच्या पाण्यासाठी काढले. भरावावरची जागा जलसंपदा खात्याची आहे. देखरेख आणि दुरुस्तीसाठी ती राखलेली आहे, तो सार्वजनिक रस्ता नाही. म्हणून ‘चला पोरींनो, उद्यापासून पाटानं जा’ असं मी म्हणणार नाही. जोखीम आहे, आणि ती आईला माहीत असते.

पहिली जोखीम पाण्याची. आवर्तन सुटलं की कालवा भरून वाहतो. सिमेंटच्या अस्तराच्या उतरत्या भिंतींना शेवाळ धरतं. पाय घसरून आत गेलेल्याला वर यायला आधार सापडत नाही. धुणं धुताना, जनावर पाजताना गेलेले जीव कालव्याकाठच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. दुसरी जोखीम निर्जन जागेची. रस्त्यावर ट्रकची भीती, कालव्यावर माणसाची! ही भीती खोटी नाही. माझी भावजयसुद्धा तिथं अंधार पडल्यावर त्या वाटेनं जात नाही, दिव्याच्या रस्त्यानं येते. म्हणजे गोऱ्यांच्या देशात सगळं आलबेल आहे असंही नाही. तिसरी अडचण काट्यांची. वेड्या बाभळीचा एक काटा आणि टायर बसलं.

पण तिन्ही अडचणींना उपाय आहेत, आणि ते फार खर्चाचेही नाहीत. काठाची बाजू सोडून भरावाच्या बाहेरच्या अंगानं वाट ठेवायची. जिथं वाट अरुंद किंवा वळणाची, तिथं कठडा. ठरावीक अंतरावर कालव्यात उतरायच्या-चढायच्या पायऱ्या आणि धरायला लोखंडी कड्या. त्या धुणं धुणाऱ्या बायकांच्याही उपयोगाच्या. दोन्ही टोकांना आडवी दांडी, तिला खात्याच्या जीपसाठी कुलूप आणि शेजारी सायकल जाईल एवढी फट. इथं एक सावधगिरी मात्र हवी. मोटारसायकली अडवायला तिकडे काही ठिकाणी अशा आडकाठ्या उभ्या केल्या, की बाबागाडी आणि अपंगांची खुर्चीही अडू लागली. आपल्याकडे अपंग मुलामुलींच्या तीनचाकी सायकली असतात. फट ठेवताना त्यांचाही विचार झाला पाहिजे.

निर्जनपणाचं औषध एकच, वर्दळ! पण ती आपली, माणसांची. मुलींनी टोळीनं जायचं, शाळेची वेळ ठरलेली. त्याच वेळेला गावातल्या चार बायकांनी फिरायला निघायचं. नाही तरी साखर वाढली, गुडघे धरले म्हणून डॉक्टर चालायला सांगतातच. हमरस्त्याच्या कडेनं धूर खात चालण्यापेक्षा कालव्यानं चाला. इंग्लंडमध्ये एक नियम मला आवडला. त्या वाटेवर पहिला मान चालणाऱ्याचा. सायकलवाल्यानं वेग कमी करायचा, घंटी वाजवायची, पुलाखालच्या अरुंद जागी थांबायचं. पूर्वी तर तिथं सायकल न्यायला परवाना काढावा लागे. आपणही सुरुवातीला शाळेच्या मुलींसाठी, दिवसाउजेडी, ठरलेल्या तुकड्यापुरती परवानगी मागू शकतो. गावापासून शाळेपर्यंतचे तीन-चार किलोमीटर. एवढंच!

आणि हो, सुशोभीकरण नको. पेव्हर ब्लॉक नकोत, कारंजी नकोत, पुढाऱ्यांच्या नावाच्या कमानी तर मुळीच नकोत. चांगला मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवला की काम झालं. पावसाळ्यानंतर एकदा डागडुजी आणि बाभळी छाटणं. मुरूम म्हणजे गावठी, डांबर म्हणजे प्रगती, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण डांबर पडलं की पाठोपाठ चारचाकी येते, टेम्पो येतो, आणि मुलगी पुन्हा पट्टीच्या बाहेर जाते. परदेशात हल्ली खडीच्या वाटांवर सायकल चालवण्याची हौसच निघाली आहे. जाड टायरच्या महागड्या सायकली घेऊन लोक अशा वाटा शोधत फिरतात. आपल्या दाराशी आहे ती वाट आपण निदान शाळेसाठी तरी वापरू.

माझ्या सासूबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या सांगतात, ‘‘आम्ही खडी फोडली, पण त्या रस्त्यानं गाडीत बसून कधी गेलो नाही.’’ त्या काळात रस्ते, पाझर तलाव, कालवे यांच्या कामांवर हजारो बायका होत्या. अनेकींच्या झोळीत तान्ही मुलं होती. त्या बायकांच्या नातींना आज त्याच भरावावरून शाळेत जाता येऊ नये? सरकारी जागा आहे, मान्य. पण ती घामानं उभी राहिली आहे, हेही खरं ना!

मग करायचं काय? नुसतं हळहळून चालणार नाही. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते, हे आपण जाणतो. या वेळी तिथं हा विषय घ्या. आपल्या गावातून किती मुली कोणत्या शाळेला, कोणत्या रस्त्यानं जातात, किती जणींनी शाळा सोडली, याची साधी यादी करा. वहीच्या एका पानावर मावेल. कालव्यानं अंतर किती पडतं, ते सायकलनं जाऊन बघा. अर्थात दिवसा आणि चार जणी मिळून. कुठं वाट खचली, कुठं बाभळी माजल्या, कुठं कठडा हवा, ते लिहा. मग ठराव करा आणि तो मुख्याध्यापक, पाणीवापर संस्था आणि पाटबंधारे उपविभाग यांना द्या. ‘आमची सोय करा’ एवढंच लिहून भागत नाही. ‘या गावापासून या शाळेपर्यंत इतके किलोमीटर’ असं नेमकं लिहिलं, की कागद टाळणं अवघड जातं. २०११ पासून आपल्या स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंचबाई, सदस्यबाई आपल्यातल्याच आहेत. सही त्यांचीच घ्या, आणि चालायलाही त्यांनाच बरोबर घ्या.

बचत गटातल्या एखादीनं पंक्चर काढायला शिकून शाळेजवळ छोटं दुकान टाकलं, तर चार पैसेही मिळतील. त्यात अवघड काय आहे? शिलाई मशीनची शटल बसवणाऱ्या हाताला ट्यूबचं ठिगळ अवघड नाही.

मुलगी शिकली तर घर शिकतं, हे वाक्य आपण भिंतीवर रंगवून झालं. पण शाळेपर्यंत पोचेल तर शिकेल ना? येत्या महिला सभेला जाताना एक काम करा. ज्या मुलीची सायकल दारात उभी आहे, तिच्या आईला हाताला धरून बरोबर न्या. विषय तिलाच मांडू द्या.